मोफत द्या, पण मोजून द्या: ऊर्जा विभाग आणि वीज नियामक आयोगास खुले पत्र

प्रति,
ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन
आणि महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

महोदय, महोदया,

जुलै 2024 च्या शासन निर्णयाने साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचे ठरले. एप्रिल 2024 ते मार्च 2029 अशी पाच वर्षांची ही योजना आहे. तीन वर्षांनी आढावा घेऊन पुढचे ठरवू, असे त्याच निर्णयात लिहिले आहे. एप्रिल 2024 पासून मोजले तर तीन वर्षे 2027 मध्ये भरतात. हे पत्र त्या आढाव्याबद्दल आहे. लाखो पंपांचा वीजवापर आजही अंदाजानेच धरला जातो आणि अंदाजावर घेतलेला आढावा आम्हाला मान्य होणारा नाही.

आम्ही शेती, पाणी आणि वीज यांच्या अर्थशास्त्रावर काम करणारे लोक आहोत. एकरी पाण्याचा खर्च किती, कोणत्या पिकाला वीज परवडते, विहिरीची पातळी का उतरली, अनुदानातला रुपया कोणत्या शेतापर्यंत पोचला, हे आमचे रोजचे प्रश्न. यातल्या प्रत्येकाच्या उत्तराला एक आकडा लागतो: पंपाने प्रत्यक्षात किती युनिट वीज घेतली. तो मिळत नाही आणि तो मिळावा म्हणून योजनेत काही तरतूदही केलेली दिसत नाही.

मोफत विजेला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगतो. वीज मोफत द्यायची की नाही हा निर्णय लोकनियुक्त सरकारचा आहे. आमचे म्हणणे मोजणीपुरते आहे.

आधी शासन निर्णयातलेच आकडे घेऊ. मार्च 2024 अखेर राज्यात 47.41 लाख कृषिपंप ग्राहक होते आणि त्यांचा वार्षिक वापर 39,246 दशलक्ष युनिट धरला आहे. भागाकार केला की पंपामागे वर्षाला साधारण 8,278 युनिट येतात. पंप सरासरी पाच एचपीचा धरू. पाच एचपी म्हणजे 3.73 किलोवॉट. मोटारीची कार्यक्षमता 80 टक्के मानली तर ती तारेतून सुमारे 4.66 किलोवॉट ओढते. म्हणजे सरासरी पंप वर्षाला 1,776 तास चालला. रोज आठ तास वीज मिळते असे समजले तर 222 दिवस, एकही तास वाया न घालवता.

हेच पाण्यात मोजा. उपसा 30 मीटरचा आणि मोटार, पंप, पाइप मिळून कार्यक्षमता 35 टक्के धरली तर एका युनिटमध्ये सुमारे 4,300 लिटर पाणी वर येते. एका एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायला दोन लाख लिटर लागतात, म्हणजे 47 युनिट. या हिशेबाने 8,278 युनिटांत एक-एक एकराच्या 175 पाळ्या होतात. तीन एकर गव्हाला सहा पाळ्या दिल्या तर बेरीज 18. दोन एकर उसाला वर्षात 30 पाळ्या दिल्या तर 60. मराठवाड्यातली खडकातली विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते. तिच्यावरचा पंप 222 दिवस आठ-आठ तास काय उपसणार?

या हिशेबाला मर्यादा आहेत आणि त्या लपवायच्या नाहीत. नदीवरच्या मोठ्या उपसा योजनांचा वापर याच आकड्यात असेल तर त्या सरासरी वर ओढतात. उपसा 60 मीटरचा असेल तर तेवढ्याच पाण्याला दुप्पट वीज लागते. मंजूर भार पाच एचपीचा आणि रिवाइंडिंग करताना वाढवलेली मोटार साडेसातची, असेही सर्रास असते. म्हणजे खरा आकडा कमी असू शकेल, काही भागांत तो जास्तही निघेल. मोजल्याशिवाय दोन्हींतले काहीच सिद्ध होत नाही. वर्षाला 14,760 कोटी रुपयांच्या योजनेचा पाया इतका सैल असू नये. 44.03 लाख लाभार्थी पंपांत ही रक्कम वाटली तर पंपामागे वर्षाला साडेतेहतीस हजार रुपये पडतात.

आता तक्रारी.

पहिली तक्रार गळतीची. कृषी फीडरचा, म्हणजे उपकेंद्रातून शेतपंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीचा, हिशेब कसा होतो, हे आपल्याला आमच्याइतकेच माहीत आहे, पण वाचकांसाठी सांगतो. समजा एका फीडरवर उपकेंद्रातून वर्षात 10 लाख युनिट सोडली. मीटर असलेल्या ग्राहकांची बेरीज 2 लाख निघाली. उरलेल्या 8 लाखांत बिनमीटरचे पंप आणि गळती दोन्ही आले. पंपांना 7 लाख लावले की गळती 10 टक्के दिसते. पंपांना साडेपाच लाख लावले की तीच गळती 25 टक्के होते. जमिनीवर काहीच बदललेले नसते. तीच तार, तीच डीपी, चोरीसाठी तारेवर टाकलेले तेच आकडे. बदलतो तो कागदावरचा गृहीत वापर. पंपांच्या नावावर जास्त वीज लागली की चोरी आणि तारांतली गळती झाकली जाते, अनुदानाची रक्कम फुगते, उद्योग आणि दुकानदारांवरचा क्रॉस सबसिडीचा (शेतीचा दर कमी ठेवण्यासाठी इतरांच्या दरात चढवलेल्या रकमेचा) बोजा वाढतो आणि शेतकऱ्याला वीज खाणारा म्हणून बोल लागतो, तो निराळाच. याच कारणासाठी आयोगाने पूर्वी कार्यगट नेमून फीडरवरच्या नोंदींवरून पंपांचा वापर तपासला होता. ते काम चांगले होते. ते एका अहवालापुरते न राहता दरवर्षी का होत नाही, आणि फीडरनिहाय नोंदी कोणालाही उघडून पाहता येतील अशा का ठेवल्या जात नाहीत, हा आमचा प्रश्न आहे.

विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 55 नुसार मीटरशिवाय वीजपुरवठा करता येत नाही. त्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. कलम 65 नुसार सरकारला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम आगाऊ भरावी लागते. अंदाजावर आगाऊ रक्कम भरण्यात सरकारी तिजोरीचेही हित नाही.

दुसरी तक्रार आम्हाला सर्वांत जास्त सलते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कृषी फीडर टप्प्याटप्प्याने सौर होत आहेत, म्हणजे त्यांना सौर प्रकल्पांची वीज जोडली जात आहे. योजना 2017 ची, 2023 पासून तिचा दुसरा अवतार. दिवसा वीज मिळते हा शेतकऱ्याचा मोठा दिलासा आहे. रात्री दारे धरायला जाताना पायाखाली साप, अंधारात बिबट्या, ओल्या हाताने स्टार्टर, हे ज्यांनी सोसले त्यांना दिवसाच्या विजेची किंमत दुसऱ्याने सांगायला नको. पण दिवसा भरवशाची वीज आली की पाण्याचा उपसा वाढतो की घटतो? दोन्ही शक्य आहे. रात्री वीज केव्हा येईल याचा भरवसा नसतो, म्हणून शेतकरी ऑटो स्टार्टर लावून झोपतो. थ्री फेज आली की पंप आपोआप सुरू होतो, वाफा भरून वाहिला तरी चालूच राहतो. दिवसा माणूस बांधावर उभा असतो, वाफा भरला की बंद करतो. म्हणजे उपसा कमी. उलट, भरवसा आला की हरभऱ्याच्या जागी ऊस किंवा केळी येते. म्हणजे उपसा जास्त. कोणती गोष्ट कुठे घडते, हे जागोजागी मोजूनच कळेल.

आणि हे मोजण्याची संधी आपल्या हातून निसटते आहे. एकाच उपकेंद्रावरचे दोन फीडर घ्या, एक यंदा सौर झाला, दुसरा दोन वर्षांनी होणार. पाऊस एकच, जमीन एकच, बाजार एकच. दोन्हींच्या तीन वर्षांच्या युनिटांची, ऑक्टोबर आणि मार्चच्या भूजल पातळीची आणि पिकांखालच्या क्षेत्राची तुलना केली की दिवसाच्या विजेचा परिणाम स्वच्छ वेगळा काढता येतो. अशी संधी अर्थशास्त्रात क्वचित मिळते, कारण एरवी सगळीकडे एकाच वेळी सगळे बदलते. मात्र त्यासाठी फीडर सौर होण्याआधीची नोंद हवी. ती एकदा हुकली की नंतर कितीही पैसा ओतला तरी परत मिळत नाही. दर महिन्याला नवे फीडर जोडले जात आहेत, आणि प्रत्येकाबरोबर असा एक जोड कायमचा हातचा जातो आहे. कृपया ही घाई समजून घ्या.

सामग्री तर घरातच आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींत वर्षातून चार वेळा पातळी मोजली जाते. ई-पीक पाहणी 2021 पासून गटनंबरनिहाय पीक नोंदवते. उपकेंद्रातल्या फीडरच्या मीटरवर युनिटांची नोंद होते. तीन खात्यांच्या तीन वह्या आहेत आणि त्या एकमेकींना जोडणारा धागा नाही: कोणता फीडर कोणत्या पाणलोट क्षेत्रात येतो, याची यादी. राज्यात पाणलोट क्षेत्रे सुमारे दीड हजार. कृषी फीडरचा नकाशा त्यावर ठेवला की यादी तयार होते. एका जिल्ह्याचे काम दोन माणसे काही आठवड्यांत करतील.

तिसरी तक्रार स्वतंत्र सौरपंपांची. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के भरायचे, बाकी सरकारचे. किती पंप बसले, हे वेळोवेळी जाहीर होते. ते किती चालले, हे नाही. पाच एचपीच्या पंपाला सुमारे 4,800 वॉटच्या पट्ट्या लागतात. चांगल्या उन्हाच्या दिवशी त्यातून 20 युनिटांच्या आसपास वीज मिळते. विहीर फेब्रुवारीत आटली तर मार्च ते मे, म्हणजे उन्हाच्या सर्वांत कडक महिन्यांत, या पट्ट्या रिकाम्या तापत राहतात. खरिपात पाऊस असला की पंपाला काम नाही. फीडरवरच्या सौर प्रकल्पाची वीज मात्र पंप बंद असतानाही ग्रिडला जाते. मग एका रुपयाच्या भांडवलामागे खरा उपयोग कोणत्या वाटेने जास्त, स्वतंत्र पंपाच्या की फीडरच्या? ज्या वाडीवर तार पोचवायलाच लाखो रुपये लागतात तिथे स्वतंत्र पंप, जिथे फीडर उभा आहे तिथे फीडरवरचा प्रकल्प, असा आमचा कयास आहे. कयासावर धोरण नको, म्हणून तर आकडे मागतो आहोत.

ते आकडे तयार होतातही. पीएम-कुसुम या केंद्राच्या सौरपंप योजनेच्या तांत्रिक अटींनुसार या पंपांना दूरस्थ देखरेखीची यंत्रणा लागते. पंप किती तास चालला, किती वीज घेतली, हे कंट्रोलरमधून सर्व्हरवर जाते. ही माहिती सार्वजनिक पैशातून तयार होते, मग ती पुरवठादारांच्या सर्व्हरवरच का राहावी? पंपाचे आयुष्य संपण्याआधी, हमीची मुदत चालू असतानाच, ती सरकारने स्वतःच्या ताब्यात घेतली पाहिजे.

चौथी तक्रार पाण्याची. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्ट खडकाचा. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि मुरमात, आकारमानाच्या दोन-तीन टक्के. एका विहिरीने जोराचा उपसा केला की शेजारच्या विहिरीची पातळी त्याच दिवशी हलते. 2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून लागू आहे. त्यानुसार 60 मीटरहून खोल विंधन विहीर शेतीसाठी घेता येत नाही, आणि तरी सातशे-आठशे फुटांच्या बोअरवर पंप चालतात, हे तालुक्यातल्या प्रत्येक बोअरवाल्याला ठाऊक आहे. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात, रावेर-यावलच्या केळीत, पाणी आणखी खोल गेले आहे. युनिटाची किंमत शून्य झाली की खोल पाणी उपसण्याचा खर्च शेतकऱ्याच्या हिशेबातून गळून पडतो. राहतो तो बोअरचा आणि मोटारीचा. तो ज्याला झेपतो त्याची बोअर आणखी खाली जाते, ज्याला झेपत नाही त्याची विहीर आटते. मोफत वीज दोघांनाही सारखीच मिळालेली असते.

ज्यांच्याकडे पंपच नाही त्या कोरडवाहू शेतकऱ्यांना तर या योजनेतून काहीच पोचत नाही. आढाव्यात त्यांचाही एक रकाना असावा.

आकडे झाकले की काय होते, याचा अनुभव राज्याने सिंचनाच्या बाबतीत घेतला आहे. 2011-12 च्या आर्थिक पाहणीत सिंचनाची टक्केवारी दशकभरात जेमतेम 0.1 ने वाढल्याचे दिसले आणि वादळ उठले. त्यानंतर कित्येक वर्षे त्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ एवढेच छापून येत राहिले. विजेच्या रकान्याचे तसे होऊ नये.

इतर राज्यांनी काय केले, तेही समोर ठेवतो, कारण ‘शेतात मीटर चालत नाहीत’ हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. पश्चिम बंगालने 2007 च्या सुमारास नलिकाकूपांना (ट्यूबवेलना) वेळेनुसार दर असलेले मीटर बसवले. गुजरातने 2003 ते 2006 दरम्यान ज्योतिग्राम योजनेत गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा केला, त्यामुळे निदान फीडरपाशी शेतीची वीज वेगळी दिसू लागली. खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात 2016 मध्ये सौर शेतकऱ्यांची सहकारी मंडळी उभी राहिली. पंपाला नको असलेली वीज विकता येऊ लागली, म्हणजे न उपसलेल्या पाण्यालाही भाव आला. पंजाबने 2018 मध्ये काही फीडरवर ‘पाणी बचाओ, पैसे कमाओ’ सुरू केले: ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाचवलेल्या प्रत्येक युनिटला चार रुपये.

पंजाबची योजना जशीच्या तशी आणली तर आपल्याकडे फसेल. तिथे गाळाची जमीन, वर्षभर पाणी. आपल्याकडे मर्यादा एचपीवर बांधली तर ज्याची विहीर आटली त्याला काहीच न वाचवता पैसे मिळतील आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला ऊस सोडण्याइतका मोबदला मिळणार नाही. मर्यादा महिन्यानिहाय आणि पाणलोटनिहाय बांधावी लागेल. त्यासाठी दोन-तीन वर्षांची खरी मोजणी आधी हवी.

मीटर कुठे बिघडतात हेही सांगतो, कारण नुसते ‘मीटर बसवा’ म्हणून काही होत नाही. डीपीवरच्या मीटरचा सीटी (मोठा करंट मीटरला मोजता येईल इतका कमी करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) एका प्रमाणाचा आणि बिलिंगमधला गुणक दुसऱ्या प्रमाणाचा असतो; आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो आणि वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. फॉल्ट आला की एका फीडरचा भार दुसऱ्यावर टाकतात, ती वेळ नोंदवली जात नाही, दोन्ही फीडरचे आकडे बिघडतात. गावठाणाच्या सिंगल फेजवर कंडेन्सर लावून थ्री फेजचा पंप चालवतात, तो वापर घरगुती फीडरवर चढतो. शेतातले मीटर जळतात, कारण वीज येताच सगळे ऑटो स्टार्टर एकदम उठतात, व्होल्टेज पडते, करंट वाढतो. आणि मीटर म्हणजे उद्या बिल, ही शेतकऱ्याची भीती खोटी नाही. थकबाकीसाठी अख्खी डीपी सोडवल्याचे त्याने पाहिले आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

प्रत्येक कृषी फीडरची दरमहा नोंद सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करा: सोडलेली युनिट, जोडलेले पंप, एकूण एचपी, पुरवठ्याचे तास, दुसऱ्या फीडरवर भार टाकलेले तास, तालुका आणि पाणलोट क्षेत्राचा क्रमांक. शेतकऱ्याचे नाव किंवा ग्राहक क्रमांक नको.

सरसकट मीटरची वाट पाहू नका. बेसॉल्टमधल्या विहिरी, तापी-पूर्णेचे बोअर, कृष्णा-पंचगंगेवरचे उपसे, कालव्याच्या शेपटाकडचे पंप आणि कोकण, अशा गटांतून चिठ्ठ्या टाकून नमुना निवडा. त्या पंपांना मीटर लावा आणि सलग दोन वर्षे, पाऊसमान बदलले तरी, नोंद घ्या. नोंद वितरण कंपनीने घेऊ नये. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांना द्यावी. रीडिंगचा बिलाशी किंवा थकबाकीशी संबंध लावला जाणार नाही, अशी लेखी हमी मार्च 2029 पर्यंतची असावी आणि ती आयोगाने द्यावी.

यापुढे कोणताही फीडर सौर करण्याआधी त्याच्या किमान बारा महिन्यांच्या युनिटांची आणि जवळच्या निरीक्षण विहिरींच्या पातळीची नोंद गोठवून ठेवा. जे आधीच सौर झाले त्यांच्या उपकेंद्रातल्या जुन्या लॉगबुकांची छायाचित्रे काढून घ्या. ती पुस्तके रद्दीत जाण्याआधी हे व्हावे.

सौरपंपांची दूरस्थ नोंद सरकारच्या ताब्यात घ्या आणि तालुकानिहाय बेरजा दर तिमाहीला प्रसिद्ध करा.

अनुदानाची रक्कम नमुना मोजणीतून निघालेल्या वापरावर ठरवा. आयोगाने पुढच्या दर आदेशात कृषी वापर आणि गळती असे दोन आकडे छापताना प्रत्येकासमोर तो मोजलेला आहे की गृहीत धरलेला, हे लिहावे.

तीन वर्षांच्या आढाव्याचा मसुदा निर्णयाआधी निदान दोन महिने लोकांसमोर ठेवा, मराठीत, आणि जनसुनावणी मुंबईबरोबरच जळगाव, लातूर आणि सांगलीतही घ्या.

नमुना कसा निवडायचा, मीटरची प्रपत्रे कशी असावीत, फीडर आणि पाणलोट यांची यादी कशी जोडायची, हे काम आम्ही विनामोबदला करून द्यायला तयार आहोत. पहिल्या जिल्ह्यासाठी फीडरचे नकाशे आणि मागच्या 36 महिन्यांच्या नोंदी मिळाव्यात, एवढेच मागणे आहे.

आपले,
शेती, पाणी आणि वीज यांच्या अर्थशास्त्राचे अभ्यासक